बर्फाची पेटी

१४ मार्च

बाबा,

नमस्कार. तब्येत ठीक, जेवण वेळेवर, खोलीची खिडकी अजून लागत नाही. नेहमीचं एवढंच. हे पत्र आईला वाचून दाखवू नका, आधी एकटे वाचा.

परवा आत्याचा फोन आला. म्हणाली, "तुझा बाप अजून चारचौघांत सांगतो, डेअरीतली चूक माझ्या पोरीनं पकडली म्हणून. नोकरी गेली तरी मिरवणं काही जात नाही." आणि हसली. मी त्या दिवशी दोन्ही तास बुडवले.

बाबा, मी काही पकडलं नाही.

जंतूंच्या प्रयोगासाठी प्रत्येकाने घरून एक नमुना आणायचा होता. तुम्ही स्वतः तुमच्या डेअरीतल्या तापवलेल्या दुधाची बाटली भरलीत, तुमच्या पत्र्याच्या पेटीत बर्फ ठासलात, आणि बस येईपर्यंत पेटी माझ्या हाती दिली नाहीत. "बर्फ टिकला पाहिजे," असं तीनदा बजावलंत. अर्ध्या वाटेत पेटी गळायला लागली. शेजारच्या बाईने पाय वर घेतले. मागे माझ्याच वर्गातल्या दोघी बसल्या होत्या. एक म्हणाली, "मासे आणलेस का गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या थांब्यावर उतरून मी बर्फ गटारात ओतला आणि बाटली कपड्यांच्या पिशवीत कोंबली. त्यानंतर पाच तासांचा प्रवास होता, भर उन्हात. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता, नमुना पूर्णवेळ थंड ठेवला का? मी 'हो' लिहिलं.

दोन दिवसांनी माझ्या बशीतले जंतू मोजता येईनात. सरांनी पाठ थोपटली आणि अहवाल डेअरीला पाठवला. दूध तापवायचा विभाग तुमचा, म्हणून ते तुमच्या गळ्यात पडलं आणि तुमची नोकरी गेली.

आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार असतात, विषय निवडायला, अडलंनडलं विचारायला. मी माझ्या बाईंकडे फक्त सहीपुरती जायची. गेल्या आठवड्यात पुढच्या सत्राचे विषय ठरवताना त्यांनी माझा प्रयोग वाचला. सरांनी फक्त आकडा पाहिला होता, बाईंनी सगळं पान पाहिलं.

"दूध नीट तापवलंय की नाही, ती चाचणी बरोबर आलीय. मग एवढे जंतू आले कुठून?"

मी बर्फाचं सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सत्र जाईल. तुझे विषय मी पुढेमागे करून देईन, सरांपुढे तुझ्या शेजारी बसेन. पण तो 'हो' तूच खोडायचास."

आज खोडला. पदवी सहा महिने लांबली. लांबू दे.

मला राग तुमचा येतोय. तेवीस वर्षं दुधात काढलेला माणूस तुम्ही. अहवाल हातात पडल्याबरोबर तुम्हाला कळलं असणार, दूध वाटेत नासलं. फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "पेटी नीट आहे ना?" मी पुन्हा हो म्हटलं. तेव्हाच का नाही झापलंत? माझं शिक्षण वाचावं म्हणून मान खाली घालून घरी आलात, आणि वर मलाच मोठं करत हिंडलात. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. हे असलं प्रेम मला पेलत नाही. कुणी मागितलं होतं?

दुरुस्त अहवालाची प्रत सोबत आहे. बाईंनी डेअरीत फोन केला होता. तुमच्या जागी दुसरा माणूस घेतलाय, म्हणाले. तरीही ही प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवून या. आणि चारचौघांत माझ्याबद्दल सांगायचंच असेल, तर इथून पुढे हे सांगा.

रविवारी येते. पेटी घासून ठेवली आहे. बसमध्ये मांडीवर घेऊन बसेन.

बर्फ ओतून देणारी,
तुमची मुलगी