आईला वजा करून

४ ऑगस्ट, सोमवार
अण्णांची स्मरणाची चाचणी. आमच्या विस्मरणाच्या सर्वेक्षणात घरोघरी मीच ती घेते, पण स्वतःच्या वडिलांची आपण घ्यायची नाही, म्हणून सर्वेक्षणाच्या पुण्याच्या गटातून डॉ. केतकी आली. मेंदूच्या झटक्यानंतर तिथला रक्तपुरवठा कमी झालाय हे स्कॅनमध्ये दिसतंच. विसरणं किती, ते बघायचं.
केतकीनं वार विचारला. आतून आई मोठ्यानं, "सोमवारचा उपास, अन् साबुदाणा भिजवायचा राह्यला." महिना विचारला. "श्रावणात भाज्या लई महाग बाई."
अण्णांचं सगळं बराबर. केतकी हसू दाबत होती, मीही. पण हे गुण अण्णांचे नव्हेत.

६ ऑगस्ट, बुधवार
चाचणी पुन्हा. आईला शेजारी काकूंकडं बसवलं. अण्णा प्रत्येक प्रश्नाला आधी स्वयंपाकघराकडं बघायचे. वार न्हाई, महिना न्हाई. शेवटी केतकीला म्हणाले, "हिला बोलवा की. हे सगळं तिच्याकडं असतंय."
आई परतल्यावर मला, "केलंस ना बापाला नापास?"

७ ऑगस्ट, गुरुवार
घरच्या माहितीचा फॉर्म मीच भरायचा, त्यातला एक रकाना अडलाय. रोजचे व्यवहार मदतीशिवाय होतात का? 'होय' लिहिलं तर सौम्य विस्मरण, 'नाही' लिहिलं तर डिमेन्शिया. आई कपडे घालायच्या क्रमानं काढून ठेवते, गोळी तळहातावर देते, पाहुण्याचं नाव दारातच जोरात घेते. अण्णांचं काही अडत नाही.
केतकी फोनवर, "आईंना वजा करून लिहा."
आईला विचारलं, अण्णांना किती मदत लागते? "मदत कसली? संसार हाय तो."
इतर घरांत मी हा रकाना बिनदिक्कत भरते. इथं थांबले ते काटेकोर म्हणून की मुलगी म्हणून? ठरवता येईना.

१० ऑगस्ट, रविवार
मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आई तिच्याकडं वडीगोद्रीला गेली. अण्णांना सोडून पहिल्यांदाच. ऑटोत बसता बसता मला, "त्यांना विचारत नको बसू. सांगत राह."
दुपारी अण्णा चपला घालून दारात.
"काय करून राह्यले अण्णा?"
"हिला आणायला जातो."
"उद्या येणार ती."
"मंग उद्या जाऊ," म्हणाले. पण चपला काढल्या न्हाईत, उंबऱ्याशीच उभे.
रकाना भरायला आज यापेक्षा बरी संधी नव्हती. कागद तसाच कोरा टेबलावर ठेवून मीही चपला घातल्या.