धुराचं मी बोलून बसले

आदरणीय लव्हडे आत्याआजी यांना, पेन्झन्सहून केरेन्झाचा घाबरत घाबरत नमस्कार.

तुमचा खुबा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली काठी तुम्ही वाटाण्याच्या वेलाला आधार म्हणून रोवलीत असं बाबांनी कळवलं, त्यावरून दुखणं कमी असावं असं मी धरून चालले आहे. माझी तब्येत बरी आहे. मी ज्यांच्या घरी राहते त्या मिसेस चेग्विडन माझी खोली गरम ठेवतात, रविवारी केशराचे बन करतात, आणि मी ताटात काही टाकलं तर माझ्याकडे न बघता मांजराशी बोलतात (‘बेटावरच्या मुलींना आमचं अन्न चालत नाही हो’), म्हणून मी सगळं संपवते.

आता मुद्द्याचं. आपल्या बेटावर पुढची शाळा असती तर यातलं काहीच घडलं नसतं हे आधी लक्षात घ्या. इथे सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, तीन विषय सगळ्यांनाच असतात. पण ज्यांचे मार्क बरे असतात त्यांना सप्टेंबरात एक फॉर्म देतात. त्यावर दोन चौकोन. एक तर चौथा विषय घ्या, नाहीतर स्वतःच्या मनाचा एखादा प्रश्न निवडून त्यावर वर्षभर एकट्यानं प्रकल्प करा. शुक्रवारी चारच्या आत एका चौकोनात खूण हवी. माझे मार्क बरे का आले हे मलाही कळलेलं नाही; आले नसते तर बरं झालं असतं असं मी पहिल्यांदाच म्हणते आहे, आईला सांगू नका.

चौथा विषय म्हणजे माझ्या बाबतीत वरचं गणित. त्या वर्गाला मी मंगळवारी नुसती बघायला म्हणून बसले. मुलं सहा, सातवी मी. शिकवणारे मिस्टर नॅन्किव्हेल कधी ओरडत नाहीत, आणि भीती त्याचीच आहे. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं, खडू दिला, ‘सावकाश, काही घाई नाही’ म्हणाले आणि हात बांधून खिडकीशी उभे राहिले. ओरडणारा माणूस कधीतरी थकतो. हे थकेनात. मी एक बरोबरचं चिन्ह काढलं. ते जरा वाकडं आलं म्हणून पुसलं, पुन्हा काढलं. अशी सात-आठ मिनिटं गेली. मग मी दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय असं सांगून बाहेर पडले, आणि खोटं ठरू नये म्हणून खरंच जाऊन दात दाखवून आले. (एक दाढ किडली आहे. म्हणजे अगदीच वाया गेलं नाही.)

तेव्हा प्रकल्प, असं मी ठरवलं. एकटीनं खोलीत बसायचं, लिहायचं, कुणाच्या नजरेला पडायचं नाही, इतकं माझ्यासारखीला सोयीचं दुसरं काय असणार? म्हणून बुधवारी प्रकल्पाच्या मिस ओट्स यांच्या सभेला गेले. पाच हजार शब्द म्हणाल्या, मी मान डोलावली. रोजची नोंदवही म्हणाल्या, तरी डोलावली. मग सगळ्यात शेवटी, दिवे बंद करता करता, त्या म्हणाल्या की वर्षअखेरीला लोकांसमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. आत्याआजी, मला मासळीच्या दुकानात ‘एक मॅकरेल’ म्हणायचं असलं तरी मी रस्त्यावर दोनदा म्हणून बघते.

गुरुवारी मी फॉर्म घेऊन दोन्ही वर्गांच्या मधल्या बोळात उभी होते. जेवणाची सुट्टी होती. तिकडून मिस ओट्स आल्या आणि त्यांनी विचारलं, की लहानपणापासून तुला कशाचं कुतूहल वाटत आलंय? काहीतरी उत्तर देऊन सुटावं म्हणून शब्द शोधत होते, तेवढ्यात कँटीनमध्ये कुणाचा तरी पाव करपला. मी म्हटलं, ‘धूर.’

‘कसला धूर?’

मग मला काय झालं ते सांगता येत नाही. मी सांगत सुटले. उन्हाळा संपता संपता तुम्ही नर्गिसाच्या वाफ्यांवर ओलसर पेंढा पेटवता. नाकाला रुमाल बांधून एकट्या उभ्या राहता आणि घरच्या माणसांनासुद्धा बाहेर पिटाळता. धूर खाल्लेले कंद लवकर जागे होतात आणि आपली फुलं शेजाऱ्यांच्या तीन आठवडे आधी बोटीत चढतात. सगळं सांगितलं. थांबले तेव्हा घड्याळात पंधरा मिनिटं गेली होती आणि भोवती अकरा जणं उभी होती. त्यांत पलीकडच्या मळ्यातला डेन्झिल होता.

जे तुम्ही सख्ख्या भावाला सांगितलं नाहीत ते मी भर बोळात शेजाऱ्यांच्या पोराला सांगून बसले होते. मी डेन्झिलला कोपऱ्यात गाठून हात जोडले. त्याचं उत्तर तुम्हाला कळवावं की नाही यावर मी काल संध्याकाळभर विचार केला. तो म्हणाला, ‘अगं वेडे, तुझी आत्याआजी धूर करते हे आम्ही तीस वर्षं कुंपणाआडून बघतोय. आम्हीपण करतो. आमची फुलं तरी उशिराच येतात. पेंढा कुठल्या दिवशी पेटवायचा ते फक्त म्हातारीला कळतं.’ (‘म्हातारी’ हा शब्द त्याचा.)

म्हणजे गुपित शाबूत आहे, ते मला वाटत होतं ते नव्हतं इतकंच. पण तेव्हापासून मला एक नवीनच भीती बसली आहे, आणि ती नॅन्किव्हेल सरांपेक्षा मोठी आहे. तुम्ही एक्याऐंशी वर्षांच्या आहात. तो दिवस तुम्ही कशावरून ओळखता, हे बेटावर दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. मी आजवर विचारलं नाही, कारण तुम्ही रागावाल असं वाटायचं. आता वाटतं, रागावलात तरी चालेल. शुक्रवारी चारला पाच मिनिटं असताना मी प्रकल्पाच्या चौकोनात खूण केली.

तुमची,
केरेन्झा

ता. क. माझा प्रश्न ‘दिवस कसा ओळखावा’ हा आहे. उत्तर तुमच्याशिवाय कुठल्याही पुस्तकात नाही, हे मी फॉर्मवर लिहिलंय. तुम्ही नाही म्हणालात तर माझे पाच हजार शब्द दातांवर लिहावे लागतील.

ता. क. २. प्रत्यक्ष मळा बघितल्याशिवाय मान्यता देता येणार नाही असं मिस ओट्स म्हणाल्या. मी त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. त्या थोड्या घाबरल्या, पण येते म्हणाल्या.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट शोधू नका. पत्र मीच दाराखालून आत सरकवलं आहे. पायरीवर निळ्या टोपीतल्या ज्या बाई उभ्या आहेत त्या मिस ओट्स, आणि त्यांच्या मागे दिसत नाहीये ती मी. तुमचं वाचून होईपर्यंत आम्ही दार वाजवणार नाही.