पाव्लोचं ताट

७ डिसेंबर, रविवार. डोंबिवली.

सोसायटीच्या स्नेहसंमेलनाची मीटिंग. सेक्रेटरी माइकवरून, "परदेशी पदार्थांचा स्टॉल आपल्या रशियन काकू लावतील."

उभी राहिले. म्हटलं, युक्रेनियन. छत्तीस वर्षं झाली आईला या बिल्डिंगमध्ये येऊन, आता तरी नीट म्हणा. तर हसतो! "अहो तनुजाताई, तेव्हा सगळं एकच होतं की." म्हटलं, मुंबई राज्यसुद्धा एकच होतं, मग तुम्हाला गुजराती म्हणू का? बाबांनी खालून माझी ओढणी ओढली. आई हसत होती. तिचं ते पाहुण्यासारखं हसणं मला सहन होत नाही.

घरी आल्यावर तिला मेसेज दाखवला. मुंबई-ठाण्यातल्या युक्रेनियन लोकांचा ग्रुप. २४ला, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, सगळ्यांचं एकत्र जेवण. हॉल वर्तकनगरला, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. आईने चष्मा लावून तीनदा वाचला. मग म्हणाली, "गेलेल्या माणसांची ताट तिथे मांडतात का, विचार ना."

(ताट तिच्या तोंडी अजून स्त्रीलिंगी. तिकडच्या भाषेत तसंच म्हणे.)

त्या संध्याकाळी घरातल्या गेलेल्यांसाठी एक ताट मांडतात. आई जुन्या चर्च-कॅलेंडरप्रमाणे दर वर्षी ६ जानेवारीला मांडते, स्वयंपाकघरातल्या फोल्डिंग टेबलावर. आधी तिच्या आईवडिलांसाठी. गेली दोन वर्षं पाव्लोसाठीही. पाव्लो म्हणजे ओक्साना मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ. लढाईत गेला. मी त्याला एकदाच भेटलेले, आठ वर्षांची असताना. त्याने मला सायकल शिकवलेली, न बोलता, कारण बोलणार कुठल्या भाषेत.

आईला त्याचं ताट त्याच्या लोकांत मांडायचंय. एवढंच. या बाईने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

कॉलेजात पेपर तपासणी. दुपारी ग्रुपच्या प्रमुख बाईंशी फोन. इरीना. माझ्यापेक्षा लहान असावी. इंग्रजीत बोलली, गोड बोलली. फॉर्म पाठवला.

संध्याकाळी डोंबिवलीला जाऊन आईचा भरायला बसलो. पहिल्याच ओळीला अडकलो. जन्मदाखल्यावर देश: सोव्हिएत युनियन. आधारवर नाव: गौरी. लग्नात आजीने बाबांकडून तांदळात अंगठीने लिहून घेतलेलं. आईला तेव्हा वाटलेलं काहीतरी खेळ चाललाय, ती टाळ्या वाजवायला लागली, असं बाबा सांगतात.

घरी बोलली जाणारी भाषा: मराठी. पूर्वी दोघं एकमेकांशी रशियन बोलायचे. बाबा तिकडे शिकायला गेलेले, कॉलेज हॉस्टेलवर भेटले तेव्हापासूनची त्यांची तीच भाषा. लढाई सुरू झाली त्या आठवड्यात आईने ती बंद केली, कायमची. बाबा अजून विसरून बोलतात. ती उत्तर मराठीत देते. ते मग मराठीत येतात.

माझ्याही फॉर्मवर मी 'युक्रेनियन' लिहिलं. बाबा मागे उभे राहून वाचत होते. "तू?" म्हणाले. म्हटलं, का, नाही का? पण तो 'तू?' डोक्यातून जात नाहीये.

१३ डिसेंबर, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

तयारीची बैठक इरीनाच्या घरी, घोडबंदर रोडला. पाच-सहा जणी. आई हिरवी सिल्कची साडी नेसलेली, हातात स्टीलचा डबा, त्यात खीर. इरीनाने नाव विचारलं. आई म्हणाली, गालिना. "हालीना," इरीना म्हणाली. "ग हा त्यांचा, रशियनांचा उच्चार." अडुसष्ट वर्षांच्या बाईला तिचंच नाव दुरुस्त करून दिलं!

आई घाबरली, आणि घाबरली की तिच्या तोंडून रशियनच येतं. आलं. इरीना मला इंग्रजीत म्हणाली, आईला नाही, मला: "तुमच्या आईंना सांगा, या घरात ती भाषा नको."

आईने सांभाळून घेतलं. युक्रेनियनमध्ये सुरुवात केली, लहानपणची भाषा, शब्द हुडकत हुडकत. दोन वाक्यं झाली. तिसरं मराठीत! "आणि मग आमच्याकडे ना..." तिला कळलंच नाही. ती बोलतच राहिली, हातवारे करत, आणि त्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. एकीला वाटलं मी आणि आई आपापसात त्यांच्याबद्दल काही बोलतोय.

मग डबा उघडला. या जेवणात पहिला मान 'कुत्या' नावाच्या गोड पदार्थाचा. गहू, खसखस, मध. आई हेच करायची, पण आमच्या आजीने पहिल्या वर्षी ते नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला, "सणाच्या दिवशी कुत्र्याचं नाव काय गं घेतेस?" तेव्हापासून घरात ती खीर. आणि हळूहळू खीरच झाली, खपली गहू, गूळ, नारळाचं दूध, वेलची. मला तर परवापर्यंत माहीत नव्हतं की तिला दुसरं काही नाव आहे.

इरीनाने एक चमचा खाल्ला. "छान आहे," म्हणाली. "पण ही कुत्या नाही. हे इंडियन डेझर्ट आहे." मध का नाही? वेलची कशी? आई म्हणाली, मी छत्तीस वर्षं ६ जानेवारीला हीच करते. झालं! "६ जानेवारी ही मॉस्कोची तारीख. आम्ही ती सोडली. २४ डिसेंबर आमची."

आमची. म्हणजे आई कोणाची?

परत येताना रिक्षात आई डबा मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "पोरगी हुशार आहे. मराठी एक शब्द येत नाही तिला, पण राहते ना एकटी."

मला ओरडावंसं वाटत होतं.

१४ डिसेंबर, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं चिडतील. तर म्हणतात, "इरीनाचं गाव आज नकाशावर आहे, जमिनीवर नाही. तिच्याकडे भाषा आणि तारीख एवढंच उरलंय, ती ते घट्ट धरणारच." मी म्हटलं, धरू दे की, पण आईच्या हातातून कशाला ओढते? बाबा म्हणाले, तू मोठ्याने का बोलतेस. आई आतून, "दोघं भांडू नका, शेंगा सोलायला या."

शेंगा सोलताना बाबांनी आईला काहीतरी रशियनमध्ये विचारलं, सवयीने. तिने नेहमीसारखं मराठीत उत्तर दिलं नाही. उत्तरच दिलं नाही. बाबा उठून बाल्कनीत गेले. त्यांचंही काही ओढून घेतलं गेलंय हे मला आज दिसलं. चार वर्षं उशिरा.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. रजा टाकून डों.ला. तळमजल्यावरच्या मंदाकाकींकडे हळदीकुंकू, दर वर्षी आईला पहिलं बोलावणं. आमची बिल्डिंग त्यांच्याच भाताच्या शेतावर उभी आहे.

आईने काय सांगितलं कोण जाणे, काकी ओटी भरता भरता तापल्या. "काय गो, तुजे लोकांनीच तुला नाय म्हंटला? आमचा पन तसाच. आमचे शेतान यांची बिल्डिंग उभी रायली, आन मिटिंगीन आम्हालाच इचारतान, तुम्ही कनच्या?" सगळ्या बायका हसल्या. मंदाकाकी हसल्या नाहीत.

वर आलो आणि मी मोठा शहाणपणा केला. म्हटलं, ओक्साना मावशीला फोन लावू, व्हिडिओ कर, तिच्याकडून वदवून घेऊ की गावाकडे अजून ६ जानेवारीच. मग दाखवते इरीनाला.

फोन लागला. मावशी टोपी घालून स्वयंपाकघरात, वीज नव्हती. दोघी युक्रेनियनमध्ये बोलल्या, मावशी भराभर, आई अडखळत. मला 'पाव्लो' तेवढं कळलं. मग आईचा चेहरा बदलला. फोन ठेवल्यावर मला सांगितलं.

गावाची तारीख बदलून झालीये. मावशीनेही. पाव्लो गेल्यापासून ती त्याचं ताट २४ डिसेंबरला मांडते. तिला वाटलेलं आईला माहीत असेल. आईला वाटलेलं बदलेल कशाला.

"दोन वर्षं," आई म्हणाली. "दोन वर्षं मी चुकीच्या दिवशी बोलवत होते त्याला." आणि रडली. मी तिला इतकं रडताना बघितलेलं नाही, आजी गेली तेव्हाही नाही.

राग कोणावर काढू? मावशीवर? तारखेवर? इरीना बरोबर होती, याचाच जास्त राग येतोय.

२१ डिसेंबर, रविवार

इरीनाचा मेसेज. आई 'अतिथी म्हणून' जरूर यावी. खीर आणायची असल्यास भारतीय पदार्थांच्या टेबलावर ठेवता येईल. ताटांपुढे नावांची कार्डं 'आपल्या कुटुंबांची' असतील.

उत्तर टाइप केलं. लांबलचक. माझा मावसभाऊ तुमच्यासाठी मेला, तेव्हा त्याच्या मावशीचे उच्चार कोणी तपासले नव्हते, इथपर्यंत. पाठवायच्या आत तिचा दुसरा मेसेज आला: "एक विचारू? तुम्ही फॉर्मवर युक्रेनियन लिहिलंय. तुम्हाला आमच्या भाषेतलं एक वाक्य येतं का?"

येत नाही. एक वाक्य येत नाही.

आणि हेही लिहूनच टाकते, इथे तरी. लढाई सुरू झाली त्या वर्षी कॉ.च्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावलेलं, 'युक्रेनची लेक' म्हणून. मी गेलेले. निळी-पिवळी ओढणी घेऊन. बोलले, टाळ्या घेतल्या. आई घरी होती. तिला कोणी बोलावलं नाही आणि मलाही सुचलं नाही. आता कोणाचं काय ओढून घेतलं म्हणून मी बोंबलतेय?

मेसेज पुसला. नुसतं लिहिलं: "नाही येत. आईला एक कार्ड द्या. माझं नाव फॉर्ममधून काढलंत तरी चालेल."



२४ डिसेंबर, बुधवार. वर्तकनगर. दुपारी ३.

आई सकाळीच माझ्याकडे आली. खीर माझ्याच गॅसवर. मधाची बाटली विकत आणलेली, मी समोर ठेवली. तिने ती बाजूला सारली आणि गूळ चिरायला घेतला. म्हटलं, परत म्हणतील. "म्हणू दे. मला जी येते ती करते. पाव्लोने कुठे खाल्लीये माझ्या हातची, त्याला काय फरक कळणार."

इ.कडून अजून काही नाही. बाबा येत नाहीयेत. म्हणाले, माझ्या तोंडून चुकून रशियन निघालं तर हिचं नुकसान व्हायचं.

आई केस विंचरतेय. साडी नाही, पंजाबी ड्रेस घालू का विचारते. म्हटलं, साडीच.

२५ डिसेंबर, गुरुवार

काल काय झालं ते.

लांब टेबल, पांढरा कपडा, खाली थोडं गवत पसरलेलं. एका टोकाला रिकामी ताटं, प्रत्येकापुढे कार्ड, त्यांच्या अक्षरांत नावं. सात-आठ असतील. आम्हाला मागच्या खुर्च्यांवर बसवलं. भारतीय नवऱ्यांच्या रांगेत. खीर समोशांशेजारी.

मी पर्स उचलून निघायच्या बेतात होते. इरीना आली. डोळे सुजलेले, आदल्या रात्रीपासून रडली असावी, तिच्या वडिलांचं कार्ड तिथे होतं हे नंतर कळलं. तिने काही न बोलता आईच्या हातात एक कोरं कार्ड आणि पेन दिलं. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मांडीवर पर्स, पर्सवर कार्ड, आणि लिहिलं. उठली, ताट घेतलं, रांगेच्या शेवटी ठेवलं, कार्ड उभं केलं.

पाव्लो.

मराठीत लिहिलेलं. छत्तीस वर्षं वाण्याच्या याद्या, माझ्या शाळेच्या चिठ्ठ्या, सगळं याच अक्षरांत. हात आपोआप तिकडे गेला. आईला कळलंही नाही.

इरीनाला कळलं. ती पुढे आली, हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला एक शब्द समजला नाही आणि सगळं समजलं. 'आपल्या अक्षरांत.' तिने कार्ड घ्यायला हात पुढे केला. आईने खाली बघितलं. तेव्हा तिला दिसलं काय लिहिलंय ते. मला वाटलं आता ती माफी मागणार, ते हसू हसणार, नवीन कार्ड मागणार.

तिने ताटावर हात ठेवला.

"राहू दे," म्हणाली. इरीनाला. मराठीत. आणि या वेळी मराठी चुकून आलेलं नव्हतं, मी लेक आहे तिची, मला कळतं.

दोघी तशाच उभ्या. मग कोणीतरी प्रार्थना सुरू केली, इरीनाला पुढे जावं लागलं.

जेवून निघालो तेव्हा कार्ड जागेवर होतं. आम्ही गेल्यावर ठेवलं की काढलं, देव जाणे. आज सकाळपासून दोनदा इ.चा नंबर काढला, विचारायला. आईने दोन्ही वेळा फोन हातातून घेतला.

"नको विचारू," म्हणाली. "काढलं म्हणाली तर मग मी त्याला कुठे बोलावू?"