नावाडीण, राक्षस आणि माझं फाटलेलं मत

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वाचनालयाच्या बोर्डावरून माझं मत नाहीसं झालेलं आढळलं. काल संध्याकाळी होतं – मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. आज टाचणी आहे, टाचणीखाली कार्डाचा एक कोपरा आहे, कार्ड नाही. म्हणजे ओढून काढलं. कॉन्व्हेंटात सिस्टर बजावायच्या, आरोप करायचा तर तारीख, वेळ आणि जागा सांगून करा, नाहीतर गप्प बसा. मी गप्प बसणार नाही.

ग्रंथपाल म्हणाला, "पडलं असेल हो, मॅडम. पंखा चालू असतो."

म्हटलं, "पंख्याला नेमकं माझंच मत खटकलं का?"

बाकी सगळी कार्डं जागच्या जागी! आमच्याकडे महिन्याला एक पुस्तक ठरतं. सगळ्यांनी वाचायचं आणि कार्डावर मत लिहून बोर्डावर लावायचं. नाव घालायचं नाही, म्हणजे तोंडदेखलं कौतुक होत नाही. आणि महिना संपेपर्यंत कुणाचंही कार्ड काढायचं नाही. हा नियम मीच भांडून करून घेतलेला आहे.

या महिन्याचं पुस्तक म्हणजे ती जाडजूड पूर्वकथा. राक्षसांच्या दुनियेची तीन पुस्तकं आधीच आलेली, त्यांच्याही आधी काय घडलं ते हिच्यात. नदीवरची नावाडीण आणि दगडाचा राक्षस यांची मैत्री. ती अखंड बडबडी, तो मुखदुर्बळ. हे मुळात जमलंच कसं, यावर चारशे पानं.

बोर्डावर काय काय लागलंय! "मी दोनदा रडले." (कोण ते ठाऊक आहे. ती साबणाची जाहिरात बघूनही रडते.) "नकाशा हवा होता." "राक्षस थेट आमच्या सासऱ्यांसारखा. बोलत नाही, पण सगळं ऐकतो." "मैत्री कशी झाली ते कळलं, का झाली ते नाही." – हे बरं होतं. आणि हिरव्या शाईत, "मैत्रीचं महाकाव्य!" हिरवी शाई म्हणजे वकीलच. निवृत्त झाला तरी उद्गारचिन्हांची फी लावतो.

माझं होतं ते असं – "ही वाचकांची फसवणूक आहे. पहिल्या पुस्तकात नावाडीण पुरात एकटी मरते, हे सगळ्यांना माहीत आहे. राक्षस काठावर उभा राहतो. पाण्यात उतरत नाही – म्हणे दगड बुडतो! एवढ्या धिप्पाड प्राण्याला पाण्याची भीती! असल्या भित्र्याच्या मैत्रीचे आता चारशे पानं गोडवे कशाला?"

यातला एक शब्द मी बदलणार नाही.

तक्रार लिहून दिली. कार्ड कुणी काढलं, का काढलं – लेखी उत्तर, शुक्रवारी पाच वाजायच्या आत. ग्रंथपालाने कागद दोन बोटांनी धरला, जणू मी त्याच्या हातात उंदीर दिला.

संध्याकाळी माझ्या मैत्रिणीकडे, भोंग्याकडे गेले, मन मोकळं करायला. मुलीने दारातूनच सांगितलं, "झोपलीय आई." या वेळी? ती कधी दिवसा झोपत नाही. पण शनिवारी तिचं ऑपरेशन आहे, थकली असेल. दुसरं ऑपरेशन. पहिल्यात स्वरयंत्र गेलं. आता आणखी काय काढणार आहेत, देव जाणे.

मी हॉस्पिटलात जाणार नाही. हे गेले तेव्हापासून मी हॉस्पिटलची पायरी चढलेली नाही. भोंग्याला ते माहीत आहे.


बुधवार, १५ ऑक्टोबर

वकिलाला वर्तमानपत्रांच्या टेबलाशी गाठलं. सरळ विचारलं, "कार्ड तुम्ही फाडलंत?"

चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "बाई, ते मी तीनदा वाचलं. मुद्दाम. घरी जाऊन बायकोला तोंडपाठ म्हणून दाखवलं. फाडलं असतं तर मी भांडलो कुणाशी असतो?"

"म्हणजे तुम्हाला पटलं नाही."

"काडीचं नाही. अहो, तो उतरला नाही हे आधी माहीत होतं, म्हणून तर मला हे पुस्तक आवडलं. तुमच्या मते भित्र्याला मैत्रीण असू नये की काय?"

"असावी. पण मग तिने पोहायला शिकून घ्यावं."

सगळं टेबल हसलं. वकीलही. माझाच विजय झाला. तरी घरी आल्यावर चहा गोड लागेना.

वकील नाही, मग कोण?


गुरुवार, १६ ऑक्टोबर

उत्तर नाही. ग्रंथपाल मला पाहून कपाटाआड गेला. तिथे जाऊन उभी राहिले. म्हणाला, "मॅडम, कुणी काढलं ते मला माहीत आहे. पण सांगणार नाही असा शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तेच तर सांगणार नाही ना!"

भोंग्याच्या मुलीला फोन केला. "आई कुणालाच भेटत नाहीये, मावशी."

मी कुणालाच-मध्ये केव्हापासून गेले?


गुरुवार, संध्याकाळ

आमची ओळखही तक्रारीतूनच. मी टेलिफोन एक्सचेंजमधून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेली. माझ्या हाताखालच्या मुली कुजबुजीच्या वर आवाज चढवत नसत. आणि ही बसची कंडक्टर. वाचनालयात पान उलटलं तरी साऱ्या मजल्याला कळायचं. "अगो बाई! मेला की हा!" – असं मोठ्याने. मी लेखी तक्रार केली. ग्रंथपालाने तो कागद तिलाच दाखवला, गाढवाने. दुसऱ्या दिवशी ही माझ्या दारात. मी भांडणाच्या तयारीत.

"तक्रार तुम्हीच लिहिलीत ना? बाई, अक्षर काय सुरेख आहे हो! एकेक मणी ओवल्यासारखं. मला वाचताना वाईटच वाटेना."

आत आली, बिस्किटांचा डबा संपवला, आणि जाताना मला 'सिस्टर' म्हणून गेली. तेव्हापासून ती भोंगा आणि मी सिस्टर. लोक बघायचे. या दोघींचं जमतं कसं?

आता भोंगा वाजत नाही. पांढऱ्या पाटीवर पेनाने लिहिते. मोठं लिहिलं की ओरडली, असं समजायचं.

चैत्रात पहिलं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिला पुस्तकं पाठवली, फळं पाठवली, मुलीला रोज फोन केला. मी गेले नाही. ती घरी आल्यावर गेले. तिने पाटीवर एकच शब्द लिहिला – "आलीस?" आणि हसली. विषय संपला. मला वाटलं, संपला.


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दुपारी मुलीने दार उघडलं, तशी तिला बाजूला सारूनच आत गेले.

भोंगा पलंगावर बसून बॅग भरत होती. पायजमे, टॉवेल, ती पूर्वकथा – मध्ये खुणेला जुनं बसचं तिकीट. मला पाहून दचकली नाही. उशीखाली हात घातला आणि माझं कार्ड काढून पुढ्यात ठेवलं. एक कोपरा नसलेलं.

मी उभीच राहिले. मग बोलले ते हे, की "नियम आहे! महिना संपेपर्यंत –"

तिने पाटी घेतली. "अक्षर ओळखलं."

"मग फाडलंस कशाला?"

"मला माहीत नव्हतं ती मरते."

"अगं, सगळ्यांना माहीत आहे! तीन पुस्तकं आधीच –"

"मी ती वाचली नाहीत. हे आधी घडतं, म्हणून हे आधी घेतलं. बस पहिल्या थांब्यावरून सुटते."

कंडक्टर ती कंडक्टरच! छापल्या क्रमाने वाचायचं हे शेंबडं पोरही जाणतं. पण तिच्या डोक्यात रस्ता म्हणजे रस्ता, जिथे सुरू होतो तिथेच चढायचं. आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की तू कुठवर आलीस. सगळ्यांना माहीत आहे, असं मी छातीठोकपणे लिहून मोकळी झाले. त्या 'सगळ्यां'मध्ये माझी एकुलती एक मैत्रीण नव्हती.

तिने पुसून पुन्हा लिहिलं, "रोज थोडं वाचत होते. उरलेलं हॉस्पिटलातून आल्यावर वाचणार होते." पुसलं. "छान चाललं होतं गं त्यांचं." पुसलं. मग लिहिलं –

"तो खरंच येत नाही?"

येत नाही. छापलेलं आहे.

माझं तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "हे बघ, उद्या मी येणार नाही. तुला माहीत आहे माझं. मला तो वासच सहन –"

तिने पाटी माझ्याकडे वळवली. बारीक अक्षरात.

"माहीत आहे. वाचलं बोर्डावर."

तिने ते रागाने लिहिलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडे रागाला उत्तर असतं.

मुलगी मागे उभी होती. "मावशी, चहा ठेवू का?" नको म्हटलं. चप्पल घालताना एक पाय भोंग्याच्या सपातेत गेला. तशीच जिना उतरले, फाटकापासून परत आले, सपात दारात ठेवली. आत गेले नाही.

घरी पोस्टाच्या पेटीत वाचनालयाचं उत्तर. मुदतीच्या आत! तीन ओळी, दोन चुका. "सदर कार्ड एका सभासदाने व्यक्तीगत कारणाने काढले आहे. गैरसोई बद्दल दिलगीर."


शनिवार, १८ ऑक्टोबर

गेले नाही.


रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी मुलीचा फोन. ऑपरेशन लांबलं. रात्री शुद्धीवर यायला हवी होती, आली नाही. डॉक्टर म्हणतात वाट पाहू. "मावशी, तुम्हाला जमणार नाही ते माहीत आहे मला. सांगायचं म्हणून सांगितलं."

माहीत आहे, माहीत आहे! साऱ्या जगाला माझ्याबद्दल माहीत आहे. जणू मीही छापून आले आहे.

साडी बदलली. निघाले.

फाटकाशीच तो वास आला. फिनेल आणि उकळलेलं काहीतरी. भिंतीला हात लावत गेले. दरवान म्हणाला, "आजी, बसा जरा." म्हटलं, "बसले तर उठणार नाही. जिना कुठे ते सांग."

तिच्या गळ्यात नळ्या, नाकात नळी. हात मात्र तसाच, अंगठ्याला तिकिटं फाडून फाडून पडलेला घट्टा. मुलगी मला पाहून रडायला लागली. तिला खाली पाठवलं – जा, काहीतरी खाऊन ये, मी आहे.

मी आहे! कुणी म्हटलं हे?

बॅगेतून पूर्वकथा काढली, तिकिटाच्या खुणेपासून वाचायला लागले. मोठ्याने. नर्स म्हणाली, "त्यांना ऐकू येतंय की नाही, सांगता येत नाही हं."

म्हटलं, "बाई, मी सारा जन्म एक्सचेंजवर काढला. लाइन चालू आहे की मेलीय, ते मला कळतं."

खोटं बोलले. मला काहीही कळत नव्हतं.

वाचत राहिले. राक्षस तिच्या नावेसाठी डोंगरातून लाकूड आणतो, आणि काठापासून लांब उभा राहून तिच्याकडे फेकतो. ती त्याला शिव्या देते, "अरे दगडा, जरा जवळ येऊन दे!" पूर्वी मी ही पानं भराभर उलटली होती. इतकं हसू येण्यासारखं आहे हे तेव्हा दिसलं नाही. आवाज असता तर भोंग्याने इथे मजला दणाणून सोडला असता.

शेवटचं प्रकरण वाचलं नाही. ते राखून ठेवलं आहे.


रविवार, संध्याकाळी साडेपाच, दोन नंबरचा मजला, बाकावर

भोंग्या, ही तक्रार तुझ्याविरुद्ध आहे.

कार्ड मी मागे घेतलं आहे. तुझ्या बॅगेत सापडलं, तिथेच फाडलं, तुकडे माझ्या पर्समध्ये आहेत. तो आला नाही, हे त्या लेखिकेने लिहिलं. मी आले आहे. उशिरा, पण गळ्यापर्यंत पाण्यात उभी आहे आणि तू डोळे मिटून पडली आहेस. याला काय म्हणायचं?

पाटी तुझ्या उजव्या हाताखाली ठेवली आहे. पेनाचं टोपण काढून ठेवलं आहे, शाई वाळेल. सात वाजता मला इथून बाहेर काढतात.

"आलीस?" – एवढा एकच शब्द. लेखी पाहिजे. आज सात वाजायच्या आत.