आपकी बाई

गुरुवार, ४ डिसेंबर

बाई येणार म्हणते! कॅम्पला!

मी फक्त विचारलं होतं — दोन दिवस एकटी राहशील ना? तर म्हणे, "काहून एकटी? मी पण येते. तंबू तू पहिल्यांदा पाहून राहिली, मी नाही." चौऱ्याहत्तर वर्षं वय, दोन्ही गुडघे गेलेले. पण शाळेत शिकवायची तेव्हा दर थंडीत गाइडच्या मुली घेऊन जंगलात जायची, ते भूत अजून उतरलेलं नाही.

आलोक, तिचा लाडका जावई, म्हणाला, ने ना आईला, त्यात काय एवढं. ह्याला काय जातंय बोलायला! ह्याची ड्यूटी आहे, हा सुटला.

ऑफिसर झाल्यावरचा माझा हा पहिलाच कॅम्प. फॅक्टरीतल्या आम्ही सहा जणी, आणि वाटलं तर घरचं एक माणूस. सगळं श्रद्धा मॅडमनी ठरवलंय. त्या माझ्या साहेब. बाकीच्या सगळ्या पहिल्यापासून ऑफिसर म्हणूनच लागलेल्या, इंग्रजी शाळेतल्या. क्लार्कपासून घासत वर आलेली मी एकटी. एकदा तरी त्यांच्यातली एक वाटावं, एवढंच मनात होतं. आता सोबत बाई, तिचं गुडघ्याचं तेल, आणि भाकरीचं पीठ!

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज कसंबसं बोलले. "तिथे मी तुला आई म्हणेन हं."

बाईने चष्म्यावरून पाहिलं. "काहून? बाई म्हणायला जीभ दुखून राहिली का?"

तिला काय सांगणार? पहिली ते चौथी मी तिच्याच वर्गात होते. वर्गात आई म्हणायची सोय नव्हती. चाळीस पोरं बाई म्हणायची, मीही बाई म्हणायची, आणि तोच शब्द घरी आला तो राहिला. मराठी शाळेत बाई म्हणजे बाई! वर्गात पाऊल टाकलं की आम्ही उठून उभे राहायचो. पण शाळेच्या फाटकाबाहेर सगळं जबलपूर हिंदी, आणि इथे बाई म्हणजे भांडी घासणारी. कॉलेजात पहिल्या वर्षी एक मैत्रीण घरी आली होती, दीक्षितपुऱ्यात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "ये अपनी मम्मी को बाई बोलती है! जैसे कामवाली!" सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हापासून बाहेर 'मम्मी' आणि घरी 'बाई', असा माझा दुहेरी कारभार चालू आहे.

"म्हण तुला काय म्हणायचं ते," बाई म्हणाली. "मी ओ देईन की नाही, ते मात्र सांगू नाही शकत."

रविवार, ७ डिसेंबर

दुपारी परत आलो. लिहायचं नाही असं गाडीत ठरवलं होतं. पण बॅगही न उघडता वही घेऊन बसले.

बरगीच्या पुढे, डोंगरात, जंगलखात्याचा कॅम्प. शनिवारी अकराला पोचलो. सागाची झाडं, ओट्यांवर बांधलेले तंबू, एक हातपंप, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दोन चुली. बस. लाइट नाही, फोन लागत नाही. चौकीदाराने लाकडं आणून टाकली आणि म्हणाला, "पकाना आप लोगों को ही है. यहाँ का यही नियम है."

मग सहा ऑफिसरांनी अर्धी काडेपेटी संपवली. धूर भरपूर, जाळ नाही! बाई बाजूला हात बांधून उभी. वर्गावर उभी राहायची तशीच. दहा मिनिटं पाहिलं तिने. मग, "चलो, हटो सब." पदर खोचला, गुडघा धरत धरत खाली बसली, बारीक काड्या वेगळ्या काढल्या, मोठी लाकडं मागे रचली. एका काडीत पेटवली. तिथेच मला गंमत वाटायला हवी होती, अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं — झालं, आता ही इथेच फतकल मारून बसणार.

दोघी जणी खाली नाला बघायला निघाल्या होत्या, मी त्यांच्याबरोबर सटकले. तासाभराने वर आले तर शेडमध्ये नुसता गलका. "बाई, एक और!" "बाई, थोड़ा भरता इधर भी!" निखाऱ्यात भाजलेलं वांगं, ज्वारीची भाकरी. श्रद्धा मॅडम तळहातावर गरम भाकरी नाचवत उभ्या. मला पाहून म्हणाल्या, "दीपा, आपकी बाई तो कमाल हैं! कब से हैं आपके साथ?"

आपकी बाई.

मी बाईकडे पाहिलं. कपाळावर काजळी, प्रवासाचं म्हणून नेसलेलं जुनं तपकिरी लुगडं, पाय राखेत. कोणालाही तेच वाटलं असतं. म्हणजे मी त्यांना दोष देत नाही. पण मला एक क्षण मिळाला होता. 'मेरी माँ हैं.' तीन शब्द! मला पाचवीपासून हिंदी येते, तीन शब्द जड नव्हते.

मी म्हटलं, "बहुत पुरानी हैं. मैं छोटी थी तब से."

मॅडम खो खो हसल्या. मीही हसले. मनात म्हटलं, खोटं कुठे बोलले? छोटी होते तेव्हापासून आहेच की.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. नाही थांबले. झाडाखाली सतरंजी अंथरली, ताटं मांडली. मॅडम म्हणाल्या, "बाई को भी बुलाइए ना, साथ बैठें." किती चांगल्या मनाच्या! आणि मी — कोणी विचारलं नव्हतं, कोणी गळा धरला नव्हता — मी म्हटलं, "नहीं नहीं, वो बाद में खा लेंगी. उनको आदत है."

"पक्का?"

"पक्का."

बाई दहा पावलांवर होती. भाकरी उलटत होती. वर पाहिलं नाही तिने. मला वाटलं, धुरात ऐकू आलं नसेल. धुराने ऐकू येत नाही का कधी!

मग ती चौकीदाराच्या बायकोबरोबर जेवली, शेडमध्येच. दोघी कशावर तरी हसत होत्या.

झोपायची सोयही मीच लावली. तंबूत गारठा, गुडघे धरतील, म्हणून चौकीदाराच्या खोलीत. तंबूत झोपायचं म्हणून एवढ्या हौसेने आली होती. घोंगडी उचलली आणि गेली.

सकाळी सगळ्यांनी तिला मध्ये घेऊन फोटो काढले, गावाकडचं काहीतरी म्हणून. मी बाजूला उभी राहून सगळ्यांच्या पर्स धरल्या. आणि दोन दिवस मी तिला आईही म्हटलं नाही आणि बाईही नाही. "ऐका ना", "जरा इकडे". एवढंच.

सोमवार, ८ डिसेंबर

बाईचे गुडघे सुजलेत. सकाळी शेक दिला. "चांगला झाला कॅम्प," म्हणाली. डोळे मिटलेले होते. मी चेहरा नीट पाहिला, काही कळलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

संध्याकाळी ताटं घेतली. मी म्हटलं, "बाई, ये ना, बरोबरच बसू."

"तुम्ही बसा. मला नंतर जेवायची सवय आहे."

आवाज अगदी साधा. पोळीवर तूप लावत होती. आलोक म्हणाला, "कधीपासून?" तिने पोळी त्याच्या ताटात वाढली.

ऐकलं होतं तिने. शब्दन् शब्द ऐकला होता!

माझा घास तोंडातच राहिला. आलोकला वाटलं, मिरची लागली. पाणी दिलं त्याने.

बुधवार, १० डिसेंबर

आज नंदा कामाला आली तेव्हा तिच्याकडे बघत राहिले. ती आमच्याकडे अकरा वर्षं आहे. चहा खाली बसून घेते, तिचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. हे कोणी ठरवलं? मीच.

म्हणजे मला लाज कशाची वाटून राहिली आहे? आईला कामवाली होऊ दिलं याची. पण कामवालीच असती, तर तिला दहा पावलांवर बसवणं बरोबर होतं का? मॅडम तर कामवालीलाही सतरंजीवर बोलवत होत्या. त्यांना जमलं, मला नाही जमलं. मी, दीपा, बाईंच्या हाताखाली चार वर्षं शिकलेली!

नंदाला म्हटलं, वर बस खुर्चीवर. ती घाबरली. "काही चुकलं का दीदी?" म्हणाली. चहा तसाच टाकून भांड्यांना लागली.

गुरुवार, ११ डिसेंबर

मॅडमचा मेसेज. "रविवार को बाई को लेकर आइए ना. ऋचा हॉस्टल से आ रही है, उसको भाकरी सीखनी है."

ऋचा म्हणजे त्यांची मुलगी. घ्या! आता माझ्या आईला दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापायचं बोलावणं. आणि हे कुणामुळे?

हीच वेळ होती. फोन हातात, मॅडम समोर नाहीत, नुसतं टाइप करायचं. मी टाइप केलं, "बाई गाँव गई हैं. पाटन."

बाई पलीकडच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होती. "दीपा, 'निर्लज्ज'ला पाच अक्षरी शब्द सांग गं," असं मोठ्याने विचारलं तिने. देवाशप्पथ, असंच विचारलं! मी म्हटलं, माहीत नाही.

मॅडमचं उत्तर आलं — "अच्छा." पुढे काही नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

लिफ्टमध्ये मॅडम भेटल्या. "पाटन में कौन है?" मी म्हटलं, उनके भाई. पाटनला आमचं कुत्रंही नाही. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग मजला आला.

शनिवार, १३ डिसेंबर

आज सुट्टी. आलोक बाजारात गेला तसं बाईजवळ जाऊन बसले. तेलाची बाटली घेतली, गुडघा चोळायला लागले. म्हटलं, "बाई, कॅम्पमध्ये..."

"कॅम्पचं सोड. जोरात चोळ."

"तसं नाही. मी तिथे जे—"

"तोंड काहून असं करून राहिली?" आणि मला रडूच फुटलं. छप्पन्न वर्षांची बाई मी, तेलकट हातांनी रडत बसले. बाईने पाय ओढून घेतला नाही. म्हणाली, "चौथीत पाढा विसरायची तेव्हापण असंच. पाढा म्हणून टाकायचं सोडून आधी रडायची."

"मग तू काय करायचीस?"

"बाहेर उभी करायची. येत असलं तर आत ये, म्हणायची."

मी पुढे काही बोललेच नाही. मला माफ कर, एवढंसुद्धा नाही. पण ठरवलं. हिच्याशी बोलायच्या आधी तिकडे जाऊन बोलायला हवं. जिथे घाण केली तिथे आधी पुसायची. उद्या सकाळी मॅडमच्या घरी जाते आणि त्यांचा गैरसमज दूर करते. त्या काय म्हणायचं ते म्हणोत, हसोत, ऑफिसभर सांगोत. मग घरी येऊन बाईला चांगली इंदुरी साडी नेसवते आणि हाताला धरून त्यांच्या सोफ्यावर नेऊन बसवते. ही माझी आई. भाकरी ऋचा थापेल, बाई शिकवेल.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

रविवार, १४ डिसेंबर

गेले. दारातच सांगून टाकलं, चप्पलसुद्धा काढली नव्हती. "मॅडम, वो कामवाली नहीं हैं. वो मेरी माँ हैं."

श्रद्धा मॅडम बघतच राहिल्या. "कामवाली? कामवाली किसने कहा?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दीपा, तुम नाले पर गई थीं, तभी उन्होंने हम सबको बता दिया था. दीपा की माँ हूँ, स्कूल में पढ़ाती थी, सब बाई कहते हैं, तुम लोग भी बाई ही कहो. हम तो इसीलिए कह रहे थे."

त्या कॅम्पवर बाईला कामवाली समजलेली एकटी मीच होते. आणि हे बाईला तेव्हाच कळलं होतं.