जिन्यातल्या भेगेबाबत मामांना खुलासा

ती. मामा,

आधी घडलं ते.

१. जिन्यातल्या भेगेवर मी लावलेल्या काचेच्या सगळ्या पट्ट्या एकाच दुपारी फुटल्या.
२. संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षांनी सभा बोलावून इमारत पडायला आल्याचं जाहीर केलं.
३. इमारत हललेली नाही. अध्यक्षांचं कपाट हललं.
४. दुरुस्ती की पाडकाम, यावर मतं समसमान आहेत. वरचं घर तुमच्या नावावर असल्यामुळे उरलेलं एक मत तुमचं.

आता नमस्कार. (साष्टांग समजावा, गच्चीच्या टाकीखाली वाकून तपासणी केल्यापासून माझी कंबर तेवढी लवत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? आई बरी आहे. तुम्ही तिला फोनवर म्हणालात, "ताई, पडायची ती पडू दे, नवी मिळेल." त्यावर तिने फोन ठेवून दिला, म्हणून मी लिहिते आहे.

काचेच्या पट्टीचं काम साधं असतं. भेगेच्या दोन्ही काठांना ती चिकटवायची. भेग रुंदावली की काच तडकते. अशा पट्ट्या मी वरपासून खालपर्यंत लावल्या होत्या. (तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकू त्या रोज पुसायच्या. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझं शास्त्र तुझ्यापाशी, धूळ माझ्यापाशी.") सभेत अध्यक्षांनी फुटलेल्या काचा रुमालात गुंडाळून आणल्या होत्या, आणि रुमाल असा उघडला की दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला. "इंजिनीअर बाईंच्याच काचा आहेत," ते म्हणाले. "आता काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं असं होतं की भेग रुंदावली तर काच मधोमध तडकते, आणि या काचा कडेने खरवडून निघाल्या आहेत. हे कुणाला कळलं नाही. मग मी सगळ्यांना जिन्यात नेलं. प्रत्येक पट्टीच्या जागी, त्याच उंचीवर, भिंतीला हिरव्या रंगाचा ओरखडा होता. एवढं हिरवं कपाट इमारतीत एकाच घरात होतं. त्याचं दार लागत नाही, बाहेर लोंबत राहतं, हेही सगळ्यांना माहीत आहे.

काकूंनी अध्यक्षांना विचारलं, "भाऊ, तुमचं कपाट कुठाय?"

"रंगवायला दिलंय."

"मग रंग जिन्याला का दिलात?"

इथे पाडून नवी इमारत बांधू पाहणाऱ्या बिल्डरने अध्यक्षांना आधीच दिलेल्या नव्या घरात ते कपाट पोचलं होतं. मतदान व्हायच्या आत. जाताना वाटेतल्या पट्ट्या त्याने फोडल्या, आणि तेच अध्यक्षांनी पुरावा म्हणून आमच्यासमोर मांडलं. मुद्दाम फोडल्या असं मी म्हणत नाही. माणूस एवढा हुशार असता तर त्याने कपाट इथेच टाकून दिलं असतं.

मामा, मी भावनेने लिहीत नाही. पाया शाबूत आहे, खांब शाबूत आहेत. गंज आहे तो गॅलऱ्यांच्या आणि न्हाणीघरांच्या स्लॅबमध्ये. सैल काँक्रीट काढून सळ्या साफ करायच्या, नवा थर द्यायचा, नळ भिंतीबाहेरून न्यायचे. एका वेळी एकच बाजू, कुणी घर न सोडता. पाडलं तर काकूंनी मशीन घेऊन शहराच्या टोकाला जायचं आणि इकडची गिऱ्हाइकं इकडेच सोडायची. परत येईपर्यंत इथलं घर त्यांच्या आवाक्यात राहणार नाही. आईच्याही नाही. त्यांना परवडतील अशा दोन खोल्या आता कुणी बांधत नाही. म्हणून ज्या बांधलेल्या आहेत त्या मी पाडू देणार नाही. अहवालावर माझी सही आहे आणि मी याच छताखाली झोपते.

तुमची भाची

ता. क. : एक गोष्ट वर लिहायची टाळली. अख्ख्या इमारतीतली सर्वांत वाईट जागा तुमच्या बंद घराचं न्हाणीघर आहे. तुमचा नळ गळतो, पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि आमच्या स्वयंपाकघरात उतरतं. आई खाली पातेलं ठेवते आणि म्हणते, "भावाचं आहे, गळू दे."

ता. क. २ : आता म्हणत नाही. मंगळवारी तुमचं कुलूप तोडलं. पहिला घाव तिचाच. नळ बंद केला आहे, सामान जागच्या जागी आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

ता. क. ३ : तुम्ही गप्प राहिलात तर तो होकार धरता येईल का, हे मी नियमांत पाहिलं. धरता येत नाही. मतदान रविवारी आहे. दुरुस्तीला हो की नाही, ते शुक्रवारपर्यंत लेखी कळवा.