बुटकीचा शेवटचा अंक

मी, रत्नाबाई आत्माराम तामोरे, वय सहासष्ट, मच्छिमार सोसायटीच्या कचेरीतून निवृत्त, राहणार दांडी, तालुका पालघर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण कायद्याला डोक्याशी मतलब असतो, असं वकिलाने सांगितलं आहे. मला कोणी दटावलेलं नाही की फूस लावलेली नाही. मला दटावणारा माणूस दांडीत अजून जन्मायचा आहे. याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि केलं होतं असं कोणी सांगत आला तर तो थापा मारतो आहे असं समजावं.

१. माझे यजमान आत्माराम कावीळ होऊन गेले त्याला आता बराच काळ झाला. आम्हाला मूलबाळ नाही. माझं जवळचं माणूस म्हणजे धाकटा भाऊ प्रदीप आणि त्याची मुलगी रिद्धी. प्रदीप जहाजावर आणि त्याची बायको बोईसरला कंपनीत पाळीवर, त्यामुळे रिद्धी लहानपणापासून माझ्याकडेच वाढली. ती मला आत्या म्हणते. कागदोपत्री ती भावाची मुलगी आहे. माझ्या मनात काय आहे ते पुढच्या कलमांवरून कळेल.

२. दांडीतलं माझं राहतं घर, दोन खोल्या, पडवी आणि मागचं अंगण, असं सगळं मी रिद्धीला देते. यावरून प्रदीपचं आणि माझं वाजलेलं आहे, ते लपवत नाही. त्याचं म्हणणं असं, की केळव्याला शनिवार-रविवार मुंबईकरांची रीघ लागते तशी इथेही लागेल, तर घर पाडून भाड्याच्या खोल्या काढाव्या. "आत्ताच करून घेऊ ताई, मंग जागेला भाव नाय राहायचा," असं तो प्रत्येक सुट्टीत बोलतो. घर पाडायचं नाही. पडवीत उत्तरेच्या खिडकीखाली एक टेबल आहे. त्यावर दिवसभर ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. त्या टेबलावर काय झालं ते कलम पाच आणि सहामध्ये लिहिलं आहे.

३. अंगणातली बोंबील सुकवायची वलांडी, म्हणजे बांबूचा तो मांडव, दोऱ्यांसकट शेजारच्या चिमीला द्यावी. तिची स्वतःची गेल्या वादळात मोडली आणि तेव्हापासून ती माझ्या अंगणात सुकवते. मागताना कधी लाजली नाही, हे मला आवडतं. फक्त वलांडीच्या समुद्राकडच्या टोकाला काही लाकडी चिमटे लावलेले आहेत, ते कपड्यांचे नाहीत. ते रिद्धीला काढून द्यावेत.

४. सोसायटीतले माझे शेअर आणि बँकेत जे काही असेल ते रिद्धीचं. कानातल्या कुड्या प्रदीपच्या बायकोला. तिने पाळ्या करून पोर माझ्या ओटीत ठेवली आणि कधी "माझी पोरगी परत द्या" म्हणाली नाही. एवढं मोठं मन माझ्यात नव्हतं. हे मी तिला तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

५. आता गेमचं मशीन.

रिद्धी तिसरीत असताना प्रदीपने सिंगापूरहून हातात धरून खेळायचं एक मशीन आणलं. त्यात एकच गेम होता. रानात, पाण्यात हिंडून वेगवेगळे मॉन्स्टर पकडायचे, त्यांना वाढवायचं, लढवायचं. मी त्यांना जनावरं म्हणायची. रिद्धी दर वेळी "आत्या, मॉन्स्टर!" म्हणून ओरडायची आणि मी दर वेळी जनावरंच म्हणायची. ती शाळेत गेली की मशीन घरी पडून असायचं. दुपारी मी जेवायला घरी यायची, तेव्हा जरा हातात घ्यायची. तिच्याहून जास्त मला नाद लागला हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इथे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच दिवसांत सोसायटीत लहान पापलेटांवरून भांडणं चालू होती. बारीक जाळी लावून पिल्लं मारली तर पुढच्या हंगामात खायचं काय, म्हणून ठराव झाला, की लहान पापलेट जाळ्यात आलं तर परत सोडायचं. तो ठराव मीच टाइप केला होता. आणि जेवायला घरी येऊन मशीन उघडते तो काय, पकडलेली जनावरं ठेवायची रिद्धीची गेममधली पेटी लहान-लहान जनावरांनी खचाखच भरलेली. खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'सोडून द्या'. मी विचार केला, पोरीला कोणी शिकवलं नाही वाटतं. एकेक करून सगळी बारकी सोडून दिली. मोठी ठेवली.

त्या बारक्यांत तिची पहिली होती. गेम सुरू करताना मिळालेली, निळसर, आखूड पायांची. तिचं नाव तिने बुटकी ठेवलं होतं. जाणूनबुजून वाढवली नव्हती, कारण वाढली की तिचं रूप पालटणार होतं.

संध्याकाळी काय रडली ती पोर! "आत्या, तू काय केलंस! बुटकी कुठंय?"

"सोडली. मोठी हून येल पुढच्या हंगामात."

"गेममधी हंगाम नसतो! सोडलेले परत येत नाय!"

"मंग तुझा गेम चुकीचा हाय," मी म्हणाले.

लोक आजही ही गोष्ट सांगून हसतात, की रत्नाने पोरीचे मॉन्स्टर समुद्रात सोडले. हसा. माझं मत बदललेलं नाही. लहान जीव सोडायचाच असतो. गेम बनवणाऱ्यांनी कधी जाळं ओढलेलं नाही, त्याला मी काय करू?

पोर माझ्याशी बोलेना. मग एके सकाळी चित्रकलेच्या वहीचं पान घेऊन आली आणि चिडूनच म्हणाली, "मंग सांग. सोडले ते कुठं गेले?" मी म्हणाले, कुठे जाणार, खोल पाण्यात. तिथे खाऊन-पिऊन मोठे होतात. "कसे मोठे?" एकाच्या पाठीला काटे होते, त्याचा मी शिंगाळा मासा केला. एक चपटं होतं, त्याला पाकट माशासारखी लांब शेपटी दिली. पडवीतल्या टेबलावर मी सांगत गेले, ती काढत गेली. संध्याकाळपर्यंत एक जनावर मोठं होऊन खाडीच्या तोंडाशी परत आलं होतं. त्या रात्री ती माझ्या कुशीत झोपली.

आमचं कॉमिक सुरू झालं ते असं.

हे मशीन आता चालत नाही, पण ते भंगारात द्यायचं नाही. रिद्धीकडे राहावं.

६. कॉमिकच्या मालकीबद्दल. मूळ गेम कंपनीचा आहे, त्यावर आमचा काडीचा हक्क नाही. आम्ही त्या गेमवर जीव लावला म्हणून कॉमिक काढलं, एवढंच. त्यामुळे ते धंद्यासाठी विकू नये, ज्याला हवं त्याला वाचायला द्यावं. चित्रं रिद्धीची. नायिका तानी, जी होडी घेऊन सोडलेल्यांना शोधत फिरते, तीही रिद्धीची. फुग्यांमधली अक्षरं माझी, कारण माझं अक्षर सोसायटीच्या सगळ्या चेअरमननी वाखाणलेलं आहे. शाईसुद्धा मीच फिरवायची. ओली पानं पडवीत वाऱ्याने उडायची, म्हणून वलांडीवर बोंबलांच्या शेजारी चिमट्याने लावायची. वरचे चिमटे ते हे. एकदा कावळ्याने आख्खं पान नेलं आणि त्या पानावर काय होतं ते आम्हा दोघींनाही नीट आठवेना, म्हणून चौथ्या अंकात तानी एका उडीत दांडीहून तारापूरच्या किल्ल्यावर पोचते. वाचणाऱ्यांना वाटलं ती उडते. पुढच्या अंकापासून आम्ही तिला खरोखर उडवायला लागलो.

छापलेले अंक माळ्यावर सुक्या मासळीच्या टोपल्यांशेजारी राहायचे. मुंबईत अशा कॉमिकवाल्यांची जत्रा भरते, तिथे रिद्धीने मला घेऊन टेबल मांडलं तेव्हा बाजूच्या टेबलांवरची पोरं नाकाला रुमाल लावून बसली. एक दादरची मुलगी मात्र अंक नाकाशी धरून म्हणाली, "मावशी, हे खरंच समुद्रातून आलंय!" तिने सगळे अंक नेले. अजूनही विचारते, बुटकी कधी येणार?

उरलेले छापील अंक गावच्या शाळेला द्यावेत. मूळ पानं रिद्धीची. त्यांना उन्हात ठेवायचं नाही.

७. बोईसर स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला प्रफुल्ल याला माझी लिहायची पेनं आणि शाईच्या बाटल्या द्याव्यात. त्याने आमचे सगळे अंक छापले, आणि पहिल्याच अंकाची पानं उलटसुलट जोडली. "मावशी, जपानी गेम हाय ना, तिकडं उलटंच वाचतात, म्हणून उलटं लावलं," असं तोंड वर करून सांगितलं. त्याबद्दल मी त्याला आजवर ऐकवत आले. आता माफ करते. पण पेनं वापरावीत, शोकेसमध्ये ठेवू नयेत.

८. या मृत्युपत्राचा कारभार बघायला मी भाऊ प्रदीप याला नेमते. त्याला आश्चर्य वाटेल. आमचं भांडण घराच्या भिंतींवरून आहे, विश्वासावरून नाही. आणि ते मशीन शेवटी त्यानेच आणलं होतं. पगारातून आधी घरखर्च बाजूला काढायचा सोडून पोरीसाठी खेळणं आणलं म्हणून मी तेव्हा त्याला बोल-बोल बोलले होते. प्रदीप, बरं केलंस बाबा.

९. माझ्या मागे दिवसकार्यावर फार खटाटोप करू नये. जेवणात तळलेले ताजे बोंबील असावेत. श्रावण असला तर थांबावं आणि मग करावेत.

१०. आता ज्यासाठी वकिलाला पालघरहून बोलावलं ते कलम.

सोडलेले सगळे एकेक करून आमच्या कॉमिकमध्ये परत आले आहेत. फक्त बुटकी राहिली आहे. शेवटी निघालेल्या अंकात तानी होडीत उभी आहे, पाण्याखाली एक सावली आहे आणि पान संपतं. त्यानंतर माझ्या झडपेचं निघालं. रिद्धी पुण्याच्या नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन माझ्याजवळ आली. माझ्या गोळ्यांची वेळ ती चुकवत नाही, पेज करते, केस विंचरून देते. पण पडवीतल्या टेबलाकडे फिरकत नाही. मी कितीदा म्हटलं, बस, काढ, मी शाई फिरवते, हात अजून थरथरत नाही. ती काही ना काही काम काढते.

पालघरला दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघत होतो, तेव्हा मी धरलंच तिला. तर खाली बघून म्हणाली, "नाय काढत मी. बुटकी आली का गोष्ट संपली. चालू हाय तंवर चालू हाय ना आत्या?" आणि माझा हात एवढा घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

तेव्हा मला कळलं, पोरीने मनात काय बांधलं आहे. तेवढ्यात नंबर आला आणि आम्ही आत गेलो. म्हणून इथे, कायद्याच्या कागदावर लिहिते, म्हणजे तिला विषय बदलता येणार नाही.

वर लिहिलेली सर्व कलमं माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. हे एक कलम मी जिवंत असताना, आजपासूनच लागू आहे. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात असं बसत नाही." मी म्हणाले, बसवा. घर दिलं, शेअर दिले, मशीन दिलं. शेवटचा अंक मात्र मी कोणालाही देत नाही. तो मला पाहिजे. माझ्या मागे कोणीतरी तो कौतुकाने पुरा करावा आणि पहिल्या पानावर माझा हार घातलेला फोटो छापावा, याला माझी सक्त मनाई आहे.

रिद्धी, बाळा, ऐक. मी जाणार ते झडपेमुळे जाणार, तुझ्या पानामुळे नाही. तू पेन्सिल लपवून ठेवलीस म्हणून डॉक्टरचा निकाल बदलत नाही. नुसती आपली दोघींची टेबलावरची दुपार वाया जाते, आणि आता माझ्याकडे वाया घालवायला दुपारी नाहीत. बुटकी मोठी होऊन येते, की बुटकीच राहून येते, की येतच नाही, ते मला माहीत नाही. इतकी वर्षं सगळ्यांचं मी सांगितलं आणि तू काढलंस. या वेळी तू सांग. मी तो अंक वाचल्याशिवाय गेले तर तुला जन्मभर टोचेल, आणि मी तर बघ, रागातच जाईन. तुझा अंक संपला तरी तू माझीच राहशील. त्याला कागद लागत नाही, तरीही लिहून ठेवते.

हे मृत्युपत्र पाकिटात घालून लाखेने बंद करू नये. सह्या झाल्या की याची एक प्रत रिद्धीच्या हातात द्यावी आणि ती वाचून होईपर्यंत कोणी मध्ये बोलू नये. मी पडवीत टेबलाशी शाई उघडून बसले आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण : दांडी, तालुका पालघर
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

लिहून देणार :
रत्नाबाई आत्माराम तामोरे (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली :

१. प्रफुल्ल हरेश्वर राऊत, झेरॉक्स व छपाई, बोईसर (सही)

२. डॉ. हेतल शहा, बोईसर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत असे मी तपासून प्रमाणित करते. शेवटच्या कलमाला उशीर करू नये, असे माझेही मत आहे. (सही)